अकरा व्हिडिओतली माझी पाठ

मी गुळव्या. उसाच्या रसाचा गूळ करतो. काहील म्हणजे दहा माणसं गोल पंगतीला बसतील एवढी मोठी, उथळ लोखंडी कढई. ती चुलवाणावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या मोठ्या चुलीवर, चढली की तिच्याभोवतीचा दहा-बारा हातांचा मुलूख माझा. तिथं गुऱ्हाळाचा मालकसुद्धा मला विचारून खोकतो, असं माझं म्हणणं आहे. मालकाला विचाराल तर तो वेगळंच सांगेल, म्हणून त्याला विचारू नका.

शाळा तिसरीपर्यंत. लिहिता येतं, वाचता येतं, दोन्ही बैलगाडीच्या वेगानं. हे लिहिलंय त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ सुनेनं सरळ केलंय. बाकीचं वाकडं माझं आहे.

आमचं गाव मलकापूरच्या अलीकडं, दोन कोसांवर. तिथल्या गुऱ्हाळात चाळीस हंगाम काढले. मग एका संस्थेची माणसं आली. खेड्यातली कामं नव्या माणसांना शिकवायची त्यांची योजना होती. त्यांनी मला मास्टर ट्रेनर केलं. गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड दिलं. ते कार्ड मी न्हाव्याकडं जातानाही घालायचो. न्हावी म्हणाला, "आण्णा, काढा ते, मानंवर वस्तरा फिरंना." मी म्हटलं, "तू कडंकडंनं फिरव."

शिकवायची माझी एक पद्धत होती. ज्यानं नवं गुऱ्हाळ टाकलंय त्याच्याकडं एसटीनं जायचं आणि आठ दिवस मुक्काम करायचा. पहिले तीन दिवस काही बोलायचं नाही. चौथ्या दिवशी ओरडायचं. पाचव्या दिवसापासून ज्याच्यावर ओरडलो तो माझ्या शेजारी येऊन मुकाट उभा राहायचा आणि शिकायचा. माझ्या हाताखालनं लय माणसं गेली. त्यातली किती गुळवे झाली हे मी कधी विचारलं नाही. शिकवणाऱ्यानं असलं विचारत बसू नये असं मला वाटायचं. आता वाटतं, मी भीत असणार.

गेल्या दिवाळीआधी संस्थेनं आम्हा सगळ्या ट्रेनरांना कऱ्हाडात बोलावलं. तिथं काम बघणाऱ्या म्याडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "या हंगामापासून शिकवणं फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करायचा, व्हिडिओ टाकायचे, शिकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, तुम्ही उत्तरं द्यायची."

मी उठलो. असल्या वेळी मला बसून बोलता येत नाही. म्हटलं, "म्याडम, गूळ चुलवाणावर आटतो. फोनमधे आटत न्हाई."

"काका, तुमचे गुडघे एसटीत चढत नाहीत, असं तुम्हीच मागच्या महिन्यात सांगितलंत."

माझ्या शेजारी तासगावचा बेदाणावाला बसला होता. द्राक्षं वाळवून बेदाणा करायचं शिकवणारा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केसाला कलप. तो म्हणाला, "माझं तर आधीपास्नंच चालू हाय फोनवर. साठ माणसं हायती ग्रुपात."

झालं. मी खाली बसलो आणि म्हटलं, "माझ्यात शंभर करा."

घरी फोन सुनेचा. ती दुपारी गुऱ्हाळावर माझी भाकरी घेऊन यायची, त्याच वेळी व्हिडिओ काढायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसलो, कार्ड घातलं, आणि रस उकळायला लागल्यावर फोनकडं बघून असा काही आवाज लावला की चुलवाणात चिपाड सारणारा आमचा जळव्या दचकून खड्ड्यातनं बाहेर आला.

"मामा," सून म्हणाली, "हळू बोला. फोन हितं हाय. कऱ्हाडात न्हाई."

"ज्यांना शिकायचं ती लांब हायती न्हवं?"

"त्यांच्यासाठी फोन हाय."

तरी मी आवाज कमी केला नाही. पुढच्या व्हिडिओपासून तिनं कानात कापूस घातला.

असे अकरा व्हिडिओ केले. रस कसा गाळायचा, रानभेंडीच्या बुळबुळीत पाण्यानं मळी कशी वर आणायची आणि झाऱ्यानं कशी काढायची, फेस वर आला की शेंगतेलाचे दोन थेंब कुठं टाकायचे. प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत, म्हणजे गोळीपर्यंत. गोळी म्हणजे आमच्या कामाचा जीव. पाक होत आला की हात गार पाण्यात बुडवायचा, बोटावर थोडा पाक घ्यायचा, तो पाण्यात धरून त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर आपटायची. टण्ण वाजली की काहील उतरायची. घटकाभर आधी उतरली तर गूळ बसत नाही, हाताला चिकटतो, ढेप घरी नेईपर्यंत पसरते. घटकाभर उशीर झाला की करपला. तीन तासांचं सगळं काम त्या एका गोळीवर.

व्हिडिओ टाकला की ग्रुपात नमस्कार यायला लागायचे. दोन हात जोडलेले. सून सांगायची, "मामा, तेवीस नमस्कार. मामा, एकतीस." मी म्हणायचो, "बघ. शिकली माणसं." मला वाटायचं, ज्यानं हात जोडले त्याला कळलं. एकदा बेदाणावाल्यानं सहज कळवलं की त्याला चौतीस आले. त्या दिवशी मी भाकरी अर्धीच खाल्ली.

ग्रुपात एक बाई होती. पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा मी उत्तरात म्हटलं, "वयनी, गुळव्याकडं फोन द्या."

तिचं उत्तर आलं, "आवं आण्णा, मीच गुळव्या. व्हणार हाय, म्हंजी."

वडूजकडची. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ओढ्याकडेच्या चार एकराला पाणी मिळालं, ऊस लागला, आणि घरच्यांनी गुऱ्हाळ टाकलं. काहिलीवर बाहेरचा एक गुळव्या ठेवला होता, तो अर्ध्या हंगामात दुसरीकडं गेला. ही त्याच्या हाताखाली दोन महिने मळी काढत होती.

मी म्हटलं, "बाईमाणसानं काहील उतरलेली मी बघितली न्हाई."

ती म्हणाली, "मेंढरं घिऊन कोकणात उतरणं बी बाईमाणसाचं न्हवं म्हणत्यात. मी उतरलीया. आण्णा, मला जाळ कळतो, मळी काढता येती, रंग कळतो. शेवटचं तेवढं न्हाई कळत. गोळीचं. त्यो गेलेला गुळव्या कवा दावतच न्हवता."

आणि तिनं तिची अडचण सांगितली. सासऱ्यानं तिला तीन आधणं दिली होती. आधण म्हणजे काहिलीत एका वेळी आटवायचा रस. तीन आधणांत गूळ बसला तर काहील तिची. नाही बसला तर चुलवाण पाडायचं, ऊस कारखान्याला घालायचा आणि शेडात मेंढरं बांधायची. नवरा तिचा पलटणीत, त्याचं फोनवर म्हणणं एवढंच, "आबा म्हणतील तसं." दीर जळव्याचं काम करायचा, तो तिच्या बाजूनं, पण त्याचं मत घरात कुणी विचारत नव्हतं.

मी म्हटलं, "माझं व्हिडिओ बघ. समदं त्यात हाय."

तिचं पहिलं आधण बसलं नाही. गूळ शेणासारखा पसरला. मी सांगितलं, "परत बघ व्हिडिओ." तिनं परत बघितले. आठ दिवसांनी दुसरं आधण केलं. तेही नाही. तिनं फोटो टाकला होता, साच्यातनं काढल्यावर ढेप खाली बसत चाललेली, म्हातारं माणूस ओट्यावर टेकतं तशी. खाली लिहिलं होतं, "सासरं म्हणत्यात, मेंढरास्नी घाला. मेंढरं खुश हायती."

ग्रुपात कुणीकुणी हसले. बेदाणावाला आमच्या ग्रुपात कसा आला कोण जाणे, पण तोही हसला. मला ते माझ्यावर हसल्यासारखं वाटलं. माझा व्हिडिओ बघून मेंढरं खुश! मी सुनेच्या हातातनं फोन घेतला, ते माईकचं चित्र दाबून धरलं आणि सगळ्या ग्रुपासमोर त्या बाईला झाडलं.

"अकरा येळा दावलंय मी. अकरा येळा! शिकणाऱ्यानं डोळं उघडं ठिवायचं आस्त्यात. तुजं डोळं कुटं असत्यात गं? मेंढराकडं? मी चाळीस वर्सं काहील उतरलीया, एक आधण फसलं न्हाई. माझ्यात खोट न्हाई, बघणाऱ्यात हाय."

सून म्हणाली, "मामा, हे पुसता येतंय. आजून कुणी ऐकलं नसंल."

"ऐकू दे."

ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. दिवसभर ग्रुपात कुणी काही बोललं नाही. नमस्कारसुद्धा नाही. मी सुनेला दर तासाला विचारत होतो, "फोन बंद पडलाय का बघ." फोन चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उत्तर आलं. आधी फोटो. एक, दोन, तीन करत अकरा. सुनेनं बघितले आणि तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "काय हाय?" तिनं फोन माझ्या हातात दिला.

अकरा फोटोंत मी होतो. माझी पाठ होती. माझ्या प्रत्येक व्हिडिओतला एकेक फोटो तिनं काढला होता, नेमका गोळी वळतानाचा. रस गाळताना मी फोनकडं तोंड करून, मळी काढताना फोनकडं तोंड करून, हसतबिसत. आणि गोळीची वेळ आली की गर्रकन वळलेला. धोतराचा सोगा, पांढरं बनियन, मानेवर त्या कार्डाची निळी दोरी. हात पुढं, दिसत नाहीत. अकरा वेळा.

खाली तिचा आवाज. रागानं बोलत नव्हती, त्यानं जास्त लागलं.

"आण्णा, माझं डोळं तुमच्या पाठीवरच व्हतं. बनियनला भोक हाय, उजव्या खांद्याच्या खाली, सुपारीएवढं. चौथ्या व्हिडिओपास्नं त्येच्या शेजारी दुसरं पडलंय. मला तेवढंच शिकाय गावलं. तुमी गोळी कवा करता, कशी करता, किती धरता, मला आजून दिसलं न्हाई. आता माझं एकच आधण ऱ्हायलंय. आयतवारी. तुमास्नी सांगायचं आसंल तर सांगा. न्हाईतर मी मेंढरांचं बघती."

म्हणजे ते नमस्कार सगळे माझ्या पाठीला होते.

मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "मी दर बारीला म्हणायची, मामा हिकडं तोंड करा. तुमी म्हणायचा, तू गप फोन धर."

खरंच म्हणत होती. कान बघा कसे असतात. पाक काहिलीत कुठं कमी उकळतोय ते ऐकू येतं आणि सून दोन हातांवरनं बोललेलं ऐकू येत नाही.

आता ह्याचं कारण सांगतो. गुळव्यानं गोळी करताना पाठ फिरवायची ही आमच्यातली रीत. माझ्या उस्तादानं फिरवली, त्याच्या उस्तादानं फिरवली असणार. मी सात हंगाम जळव्या होतो, चुलवाणाच्या तोंडाशी बसून उस्तादाच्या पाठीकडं बघत. शेवटचं कसब कुणाला दाखवायचं नाही. दाखवलं की उद्या तोच आपल्या जागेवर. पण हे मी मुद्दाम केलं नव्हतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. लपवायचं ठरवून लपवलं असतं तर निदान लबाड म्हणवून घेतलं असतं. इथं गोळीची वेळ झाली की अंग आपोआप वळत होतं आणि मी मनात समजत होतो, केवढं उदार मन माझं, फुकट कसब वाटतोय.

म्याडमचा फोन आला. त्या फारसं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, शनिवारपर्यंत एक व्हिडिओ समोरून होईल ना?"

"त्यात काय," मी म्हटलं.

शनिवारी सून दुपारी बाराला फोन घेऊन माझ्या समोर, काहिलीच्या पलीकडं उभी राहिली. मी बनियन बदललं होतं. पाक होत आला. फुगे मोठे झाले, जड झाले, फुटताना फस्स करायला लागले. मी हात गार पाण्यात बुडवला, पाक घेतला, आणि बघतो तर सून दिसेना. मी वळलो होतो.

"मामा!"

ती धावत काहिलीला वळसा घालून माझ्या समोर आली. मी दुसरी गोळी घ्यायला हात बुडवला आणि परत माझं तोंड पत्र्याच्या भिंतीकडं. ती परत आली. मी परत फिरलो. ती डावीकडनं, मी उजवीकडं. देवळात जोडीनं प्रदक्षिणा घालावी तसे आम्ही सासरा-सून त्या काहिलीभोवती फिरत होतो. जळव्या चुलवाणाच्या खड्ड्यातनं बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत होता.

"आण्णा," तो म्हणाला, "तुमास्नी दाव्यानं बांधू का?"

"तू जाळ बघ!"

"जाळ लय झाला आण्णा. वास येतोय."

वास येत होता. काहील उतरली तोवर आधण करपलं होतं. चाळीस वर्षं एक आधण फसलं नाही असं मी परवाच सगळ्या ग्रुपाला सांगितलं होतं; तसं ते आधीही खरं नव्हतं, तीनेक फसली होती, पण सांगायला चाळीस वर्षं बरी वाटतात. आता तर गूळ मशेरीसारखा काळा. मालकानं बोटावर घेऊन चाखला आणि मला विचारून खोकायची वाट बघितली नाही.

व्हिडिओ झाला नाही. संध्याकाळी मी सुनेला त्या बाईला कळवायला सांगितलं, "उद्या काहिलीजवळ फोन लाव. मी समोर बसतो. थेट बघतो."

रविवारी दुपारी मी ओट्यावर बसलो. फोन पाटावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून. समोरच्या चित्रात वडूजकडचं ते शेड. तिनं फोन लोकरीच्या दोरीनं खांबाला बांधला होता. पलीकडं काहील, काहिलीमागं ती, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, तोंड माझ्याकडं. मागं बाजेवर तिचा सासरा, घोंगडं, काठी, हलत नव्हता. चुलवाणाशी दीर. म्याडम त्यांच्या घरनं जोडलेल्या. बेदाणावालाही एका चौकोनात आला. "बघू तरी," म्हणाला. त्याच्या चौकोनात त्याचे केस फार काळे दिसत होते.

तीन तास तिनं जे केलं त्यात मला काही काढता आलं नाही. मी शोधत होतो. मळी काढताना झारा थोडा जास्त खोल घालते असं वाटलं, ते बोललोसुद्धा. ती म्हणाली, "व्हय आण्णा," आणि तसाच घालत राहिली. बरोबर होती ती.

मग पाक जड झाला. तिनं हात पाण्यात बुडवला. माझ्याकडं तोंड करून पाक घेतला, गोळी वळली आणि काठावर आपटली.

मला काही ऐकू आलं नाही.

त्या फोनचा काय गुण आहे, माणसाचं बोलणं पोचवतो आणि बाकीचा आवाज गिळतो, असं म्याडमनी नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं माझे कान गेले. रंग चित्रात पिवळा दिसत होता, पण त्या चित्रात सगळंच पिवळं, सासऱ्याचं घोंगडंसुद्धा. वास तर येणारच नाही.

"आण्णा, उतरू?" ती म्हणाली.

तिचा दीर जाळ ओढायला तयार. सासऱ्यानं मान वर केली. म्याडम, बेदाणावाला, आणि ग्रुपातले वीस-पंचवीस जण, ज्यांचे नुसते काळे चौकोन दिसत होते. सगळे माझ्या एका शब्दाची वाट बघत होते. मला फक्त भारदस्त आवाजात "उतर" म्हणायचं होतं. बसला तर माझं नाव. नाही बसला तर म्हणायचं, बाईला आपटता आली नाही. मला ते वाक्य तयारसुद्धा सापडलं. तोंडापर्यंत आलं होतं.

"आण्णा?"

"मला कळंना," मी म्हटलं.

सून माझ्याकडं बघायला लागली. पण आता तोंड उघडलंच होतं.

"ऐक. पयल्या गोळीला मला कवाच कळलं न्हाई. चाळीस वर्सांत न्हाई. पयली वाजल्यागत वाटती, पर मला खातरी नसती. मी दुसरी करतो. थोडं थांबून तिसरी करतो. कवा चौथी बी. समोरच्याला वाटाय नगं की गुळव्याला कळंना झालंय, म्हणून पाठ फिरवायची. माझ्या उस्तादाला एकदा धुरानं डोळं चुरचुरलं, त्यानं मला पाण्याचं भांडं धराय जवळ बोलावलं, तवा मी बघितलं. त्यानं तीन केल्या. मला म्हणाला, बघितलंस ते कुणाला सांगू नगं. तेवढंच कसब हाय. दुसरं काय न्हाई त्यात. तू आता दुसरी कर. मी हितनं सांगू शकत न्हाई. तुझं कान, तुझं बोट. पयलीत आन् दुसरीत फरक पडत असंल तर आजून थांब. फरक पडायचा थांबला की उतर."

बेदाणावाला हसला नाही. त्याचं मला नवल वाटलं. नंतर वाटलं, बेदाणा वाळला की नाही हे तोही पहिल्या मुठीत सांगत नसणार.

तिनं दुसरी केली. कान काठाजवळ नेऊन आपटली. मान हलवली, न्हाई. दीर म्हणाला, "वयनी, जाळ कमी करू?" ती म्हणाली, "आसू दे. पर चिपाड सारू नगंस आता." थोडी थांबली. तिसरी केली. ती आपटून तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. चौथी केली. मग खांबाकडं, माझ्याकडं, कुणाकडंच न बघता जोरात ओरडली, "उतरा!"

मला विचारलं नाही. मी ओट्यावर बसल्या जागी उठून उभा राहिलो होतो आणि गुडघ्यांनी काही म्हटलं नाही.

पाक वाफ्यात, म्हणजे तो गार करायच्या उथळ हौद्यात, ओतला, तिनं आणि दिरानं फावड्यानं हलवला, साच्यांत भरला. सासरा बाजेवरनं हलला नाही. गूळ बसतो की नाही ते सकाळी कळणार. फोन बंद झाला. सून म्हणाली, "मामा, भाकरी खाता?" मी म्हटलं, "नगं." ती म्हणाली, "बेदाणावाल्याला आज किती नमस्कार आलं ते बघू का?" मी म्हटलं, "गप बस," आणि दोघंही हसलो.

सकाळी व्हिडिओ आला. तिनं साचा पालथा केला. ढेप निघाली, खाली बसली नाही, पसरली नाही. काठ धारदार. सासरा उठून आला, वाकला, काठीचं टोक ढेपेवर आपटलं. त्याचा आवाज मात्र फोननं पोचवला, का कोण जाणे. मग तो म्हातारा मागं वळून मेंढरांच्या वाड्याकडं बघत म्हणाला,

"आज मेंढरास्नी काय न्हाई."

मला रंगावर बोलायचं होतं. रंग थोडा सावळा होता, रसात चुना बेताचा घालायला हवा होता. माईकच्या चित्रावर बोट नेलं, खाकरलो, आणि बोट मागं घेतलं. मग सुनेला विचारलं, ते हात जोडलेले कुठं असतात.